छिंगहाव : एका रानवनस्पतीचा इतिहास



चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जे गेले असतील, त्यांना दवण्याचा वास कसा असतो हे सांगावयास नको. हातात दोन काड्या चुरगाळल्या तरी संध्याकाळपर्यंत बोटांचा वास जात नाही. या आपल्या दवण्याला वनस्पतिशास्त्रात 'आर्टेमिशिया' या प्रजातीचे नाव आहे. आज मी ज्या वनस्पतीची हकीकत सांगणार आहे ती दवण्याची चिनी चुलतबहीण होय. चीनमध्ये तिला छिंगहाव म्हणतात. 'छिंग' म्हणजे हिरवट-निळसर रंग आणि 'हाव' म्हणजे या जातीच्या उग्र वासाच्या रानझुडपांचे सामान्य नाव. नदीकाठी, पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला, कोणी न पेरता ती उगवते. माणसाच्या उंचीएवढी वाढते, नेच्यासारखी बारीक चिरलेली पाने धरते, बारीक पिवळी फुले देते आणि एका वर्षात मरून जाते. शास्त्रज्ञ तिला 'आर्टेमिशिया ॲन्युआ' म्हणतात, म्हणजे वर्षायू. तिला कोणी देवाला वाहत नाही. पण हिवतापाने मरणाऱ्या किती माणसांचा जीव या तणाने वाचविला, याचा हिशेब करावयाचा तर लाखांतच करावा लागेल.

हिवताप म्हणजे काय हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. थंडी वाजून ताप भरावा, घाम येऊन उतरावा, एक दिवस सोडून पुन्हा भरावा. आपल्या वैद्यकाने यालाच विषमज्वर म्हटले आणि त्याचे तृतीयक, चतुर्थक असे भेद केले. माझ्या लहानपणी घरात तापाचे माणूस असले की 'कोयनेल' आणावयास मला पिटाळीत, आणि त्या कडू गोळीची आठवण आजही जिभेवर आहे. हे कोयनेल दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतले. 1693 साली चीनचा सम्राट खांगशी तापाने आजारी पडला, तेव्हा फ्रेंच जेझुइट पाद्र्यांनी त्याला हीच साल दिली आणि तो बरा झाला. मौज अशी की, ज्या सम्राटाला समुद्रापलीकडून आलेल्या सालीचा आधार घ्यावा लागला, त्याच्याच राज्यातल्या बांधाबांधावर हिवतापाचे दुसरे औषध वाऱ्यावर डुलत होते, आणि ते एका जुन्या ग्रंथात लिहूनही ठेवलेले होते.

लिहून ठेवलेले होते, हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारले. कारण 'आमच्या ग्रंथात हे सारे आधीच आहे' असे म्हणण्याची सवय आपल्यालाही आहे, चिनी लोकांनाही आहे. म्हणून ग्रंथात नेमके काय होते आणि काय नव्हते, हे आधी पाहू.

छिंगहावचा आजवर सापडलेला सर्वांत जुना औषधी उल्लेख जमिनीखालून निघाला. हुनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वी नावाची जागा आहे. तेथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्याचे उत्खनन 1973 साली झाले. हे थडगे इ. स. पू. 168 मध्ये बंद करण्यात आले होते. आत रेशमावर लिहिलेले ग्रंथ होते आणि त्यांत बावन्न रोगांवरील उपायांचा एक संग्रह होता. त्यात छिंगहाव आहे. पण ती कशावर सांगितली आहे म्हणाल, तर मूळव्याधीवर! हिवतापाचा तेथे संबंध नाही. पुढे दोनएक शतकांनी, 'दिव्य कृषीवल' शन्नोंग याच्या नावावर मोडणारा वनौषधींचा जो आद्य ग्रंथ तयार झाला, त्यात ही वनस्पती खरूज, खाजरी गळवे आणि उवा यांवर सांगितली आहे. सांध्यांत मुरलेली उष्णता ती काढते आणि दृष्टी स्वच्छ करते, असेही म्हटले आहे. त्या ग्रंथात औषधांच्या तीन पायऱ्या आहेत : आयुष्य वाढविणारी वरची, प्रकृती राखणारी मधली आणि नुसता रोग हटविणारी खालची. छिंगहावची जागा खालच्या पायरीवर. म्हणजे चारशे-पाचशे वर्षे ही वनस्पती वैद्यांच्या पेटीत होती ती खरजेचे औषध म्हणून.

मग आला क हुंग. इ. स. 283 ते 343 हा त्याचा काळ. हा गृहस्थ मोठा नमुनेदार. पंथाने ताओवादी, छंदाने किमयागार. अमरत्वाची गुटिका शोधण्यात त्याने आयुष्य घालविले आणि अखेरीस दक्षिणेकडे क्वांगतुंग प्रांतातील ल्वोफू पर्वतात जाऊन राहिला. अमरत्व त्याला मिळाले नाही. पण वाटेत त्याने गोरगरिबांसाठी एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'कोपरामागे ठेवावयाचे तातडीचे उपाय' असा होतो. चिनी झग्याच्या रुंद बाहीत सामावेल असा हा ग्रंथ, म्हणून कोपरामागे. महाग औषधे, लांबचे वैद्य हे ज्यांना परवडत नाही, त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंनी काय करावे, हे त्यात सांगितले आहे. दक्षिण चीन म्हणजे हिवतापाचे माहेरघर. तेव्हा येऊन-जाऊन भरणाऱ्या तापावर त्यात एक स्वतंत्र प्रकरण असावे यात नवल नाही.

त्या प्रकरणात छिंगहावचा उपाय आहे तो असा. मूठभर छिंगहाव घ्यावी, दोन 'शंग' पाण्यात भिजत घालावी, पिळून तिचा रस काढावा आणि तो सगळा पिऊन टाकावा. त्या काळचा एक शंग म्हणजे आपले सुमारे पावशेर पाणी. बस्स, एवढेच. त्यात उकळणे नाही, काढा नाही, अनुपान नाही. ही दीड ओळ ध्यानात ठेवा, तिचे काम पुढे पडणार आहे.

पण इतिहास सांगणाऱ्याने येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. क हुंगच्या त्या प्रकरणात हिवतापाचा हा एकच उपाय नाही. तेथे तिसांहून अधिक उपाय आहेत. त्यांत काही वनस्पतींचे आहेत, काही खनिजांचे आहेत, आणि एकात जिवंत कोळी वेळूच्या नळीत कोंडून ती नळी गळ्यात बांधावयास सांगितली आहे! क हुंगने छिंगहावच्या उपायाला 'हाच खरा' अशी खूण केलेली नाही. कोळी आणि छिंगहाव त्याच्या लेखी एकाच पंगतीला आहेत. आज आपण मागे वळून त्या पंगतीतून एकालाच उठवून गादीवर बसवितो, ते आपल्याला उत्तर ठाऊक झाले आहे म्हणून.

त्यानंतरची हजार वर्षे मी भराभर ओलांडतो. पण एक भानगड सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, ती म्हणजे नावाची. सुंग राजवटीतला शन क्वो (इ. स. 1031 ते 1095) हा अतिशय चौकस विद्वान, होकायंत्रापासून जीवाश्मांपर्यंत त्याने कशावर लिहिले नाही? त्याने नोंदविले की, छिंगहाव म्हणून जी ओळखली जाते ती एक नसून दोन आहेत : एक पिवळसर आणि दुसरी गर्द हिरवी, आणि शरदात इतर पिवळ्या पडल्या तरी ही दुसरी हिरवीच राहते. पुढे मिंग काळात ली शर्चन (इ. स. 1518 ते 1593) याने आपला प्रचंड निघंटू रचला. 1578 साली पुरा झालेला हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1596 साली छापून निघाला. त्यात 1892 द्रव्ये आहेत. ली शर्चनने छिंगहावचे एक कलम केले आणि 'पिवळ्या फुलांची हाव' म्हणून दुसरे वेगळे कलम केले. क हुंगचा तापावरचा उपाय त्याने पहिल्या कलमात नोंदविला. पुढे आधुनिक वनस्पतिशास्त्रज्ञांनी चिनी नावांना लॅटिन नावे जोडली, तेव्हा 'छिंगहाव' हे नाव जाऊन बसले आर्टेमिशियाच्या भलत्याच जातीवर, आणि आपल्या वर्षायू जातीकडे राहिले 'पिवळ्या फुलांची हाव' हे दुय्यम नाव. हिवतापाला मारणारे द्रव्य आहे ते मात्र या दुसरीतच, पहिलीत नाही. म्हणजे ग्रंथाचा शब्द प्रमाण मानून जो बाजारात जाईल त्याच्या हाती निकामी पेंडी येण्याचाच संभव जास्त. आपल्याकडे 'रास्ना' म्हणून प्रांतोप्रांती वेगवेगळी मुळी विकतात. त्यातलाच हा प्रकार.

दुसरी भानगड कृतीची. क हुंगने थंड पाण्यात भिजवून पिळावयास सांगितले. पण चिनी वैद्यांचा हात पडला काढ्यावर. छिंग राजवटीत ऊ च्यूथुंग याने 1798 साली ज्वरांवर ग्रंथ लिहिला. त्यातला छिंगहाव आणि कासवाची पाठ यांचा पाच द्रव्यांचा काढा आजही चिनी वैद्य देतात. संध्याकाळी चढणाऱ्या आणि पहाटे उतरणाऱ्या तापावर. हा काढा उकळून करतात. उकळल्याने काय होते ते पुढे कळेलच.

आता एकदम आपल्या काळात येऊ. 1934 साली जर्मनीत क्लोरोक्विन तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वस्त झाले. डी. डी. टी.ने डास मारावे, क्लोरोक्विनने ताप मारावा, आणि हिवतापाचे नाव पुसावे, असे स्वप्न साऱ्या जगाने पाहिले. पण 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सरहद्दीवर आणि कोलंबियात क्लोरोक्विनला न जुमानणारे परजीवी दिसू लागले. त्यातच व्हिएतनामचे युद्ध पेटले. जंगलात दडलेल्या उत्तर व्हिएतनामच्या फौजा बंदुकीच्या गोळीपेक्षा हिवतापाने अधिक जर्जर होऊ लागल्या. अमेरिकनांचीही तीच दशा. अमेरिकेच्या लष्करी संशोधनसंस्थेने दोन लाखांहून अधिक रसायने तपासून पाहिली. उत्तर व्हिएतनामने चीनकडे साहाय्य मागितले, आणि 23 मे 1967 रोजी पेकिंगमध्ये एक गुप्त बैठक झाली. पाचव्या महिन्याची तेवीस तारीख म्हणून त्या कामाला '523 प्रकल्प' असे नाव पडले. साठांहून अधिक संस्था आणि पाचशेच्या वर संशोधक त्यात गुंतले.

हा काळ चीनमध्ये कसा होता? सांस्कृतिक क्रांतीचा. महाविद्यालये बंद, प्रयोगशाळा ओस, नामांकित अध्यापक शेतावर किंवा गोठ्यात. युद्धाला औषध हवे होते, म्हणून एवढे एक दार उघडे राहिले. पेकिंगच्या चिनी वैद्यक अकादमीत 1969 च्या जानेवारीत या कामाचे प्रमुखपद एका अडतीस वर्षांच्या बाईंना देण्यात आले, कारण वरिष्ठ माणसे जाग्यावर नव्हतीच. या बाई म्हणजे श्रीमती तु यूयू. जन्म 1930, निंगबो शहरचा. शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचे, आणि वर चिनी वैद्यकाचा अडीच वर्षांचा अभ्यास. यजमान राजकीय 'पुनर्शिक्षणा'साठी खेड्यात पाठविलेले. दोन लहान मुली दुसऱ्यांच्या हवाली करून बाई हायनान बेटावर हिवतापाचे रोगी पाहावयास गेल्या. त्यांचे 'यूयू' हे नाव वडिलांनी ठेवले ते 'शर्चिंग' या प्राचीन काव्यसंग्रहातील एका गीतावरून. यूयू हा हरणाच्या ओरडण्याचा आवाज. आणि त्या गीतातली हरणे रानात जे खातात त्यात 'हाव' आहे! असे योगायोग कादंबरीत कोणी घातले तर आपण नाक मुरडू; इतिहासाला ती लाज नाही.

बाईंनी जुने ग्रंथ चाळले, म्हाताऱ्या वैद्यांना गाठले, लोकांनी पाठविलेली पत्रे वाचली आणि दोन हजार उपाय जमविले. त्यांतून 640 उपायांची एक वही तयार केली. मग सुमारे दोनशे वनस्पतींचे 380 अर्क काढून हिवताप दिलेल्या उंदरांवर घालून पाहिले. छिंगहावच्या एका अर्काने एकदा परजीवींना 68 टक्के आळा बसला. सारे हरखले. पुन्हा केले, तर 40 टक्के; पुन्हा केले, तर 12! वनस्पती बाजूला पडली. पुष्कळशा वनस्पतींचे असेच झाले असेल. त्यांची कहाणी सांगावयास कोणी उरले नाही.

1971 साली छिंगहाव पुन्हा टेबलावर आली. श्रीमती तु सांगतात की, क हुंगची ती दीड ओळ पुन्हा वाचताना त्यांना खटकले : हा माणूस पिळावयास का सांगतो, उकळावयास का सांगत नाही? उष्णतेने गुण जात तर नसेल? मग त्यांनी अर्क काढण्यासाठी ईथर वापरले. ईथर 35 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे पानांना चटका बसत नाही. निघालेल्या अर्कातला आम्ल भाग विषारी होता, तो काढून टाकला. 4 ऑक्टोबर 1971 रोजी 191 क्रमांकाच्या नमुन्याची उंदरांवर परीक्षा झाली. परजीवी शंभर टक्के नाहीसे झाले.

पुढला भाग मला अधिक हृद्य वाटतो. माणसांवर प्रयोग करावयाचा तर अर्क शेरांनी हवा, आणि कारखाने तर बंद. तेव्हा घरगुती पाणी भरण्याचे मोठमोठे रांजण आणून त्यांत ईथरमध्ये पाला भिजत घातला. हवा खेळती नाही, तोंडाला साध्या फडक्यापलीकडे काही नाही. लोकांना घेरी येई, नाकातून रक्त येई. बाईंच्या यकृताला सूज आली. मग प्रश्न निघाला की, काही जनावरांत विषाची शंका दिसते, माणसाला कसे द्यावे? आणि थांबावे तर हिवतापाचा हंगाम जातो. 1972 च्या उन्हाळ्यात श्रीमती तु आणि त्यांचे दोन सहकारी यांनी दवाखान्यात देखरेखीखाली तो अर्क प्रथम स्वतः घेतला. काही अपाय झाला नाही. मगच हायनानमध्ये एकवीस रोग्यांना तो देण्यात आला. ताप उतरले, रक्तातले परजीवी गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात शुद्ध स्फटिक हाती आले. त्याला नाव पडले 'छिंगहाव-सू', म्हणजे छिंगहावचे सार. जग त्याला आर्टेमिसिनिन म्हणते.

श्रेयाबद्दल वाद आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. छिंगहावकडे त्या गटात प्रथम बोट दाखविणारा तरुण यू यागांग होता असे काही म्हणतात. युन्नान प्रांतात लो झयुआन यांनी विद्यापीठाच्या आवारात उगवलेल्या झुडपापासून स्वतंत्रपणे स्फटिक काढले. शांतुंग प्रांतातही ते निघाले. क्वांगचौच्या ली क्वोच्याव याने युन्नानच्या डोंगरात जाऊन, मेंदूवर गेलेल्या हिवतापाच्या बेशुद्ध रोग्यांवर त्याची परीक्षा घेतली. त्याचा झपाटा त्याच्यामुळे कळला. रेणूची रचना ठरविली ती शांघाय आणि पेकिंगच्या रसायनशास्त्रज्ञांनी, आणि 1977 साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा लेखावर एकाही व्यक्तीचे नाव नव्हते, नुसता सहकारी गट. अशा सामुदायिक कामाला 2015 साली नोबेल पारितोषिक आले ते एकट्या श्रीमती तु यांना, अर्ध्या वाट्याने. उरलेला अर्धा दुसऱ्या औषधाच्या दोन शोधकांना. बाईंना ना डॉक्टरेट, ना परदेशी शिक्षण, ना चिनी विज्ञान अकादमीचे सभासदत्व. मला स्वतःला वाटते की, थंड अर्काची किल्ली त्यांनी फिरविली हे निर्विवाद आहे. पण दार उघडल्यावर आत शिरणारे पुष्कळ होते, आणि त्यांच्यावाचून औषध रोग्यापर्यंत पोचले नसते.

हे सार काम कसे करते? त्याच्या रेणूत दोन ऑक्सिजनच्या अणूंचा एक नाजूक पूल आहे. परजीवी आपल्या तांबड्या पेशीत बसून रक्ततत्त्व खातो, तेव्हा लोहयुक्त द्रव्य मोकळे होते. त्या लोहाशी गाठ पडताच पूल तुटतो आणि त्यातून निघालेले जहाल तुकडे परजीवीलाच मारतात. चोराने लुटलेल्या मालातच त्याचा नाश भरलेला असावा, तशी ही योजना. काढ्याच्या कढत्या पाण्यात हाच पूल धोक्यात येतो. शिवाय हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळतही नाही. मग क हुंगच्या पाण्यात ते उतरत कसे होते? 2010 साली संशोधकांनी ताजी वनस्पती जुन्या ग्रंथांच्या रीतीने भिजवून, कुटून, पिळून पाहिली. साध्या चहासारख्या अर्कापेक्षा तिच्यात हे द्रव्य कितीतरी पट अधिक निघाले. ताज्या पानातली तेले त्याला पाण्यात धरून ठेवीत असावीत.

म्हणजे क हुंगला ठाऊक होते काय? मी दोन्ही बाजूंच्या वकिलांना नाराज करणार आहे. त्याला परजीवी ठाऊक नव्हता, डास ठाऊक नव्हता, सोळाशे वर्षांपूर्वी कोणालाच नव्हता. पण ताज्या पाल्याचा पिळून काढलेला रस ताप उतरवितो, एवढे कोणीतरी, बहुधा नाव नसलेल्या एखाद्या खेडुताने, डोळ्यांनी पाहिले होते, आणि क हुंगने ते बदल न करता लिहून ठेवले. ते निरीक्षण खरे होते. पण कोळ्याच्या नळीपासून ते वेगळे काढण्याचे साधन त्या वैद्यकापाशी नव्हते, म्हणून सोळाशे वर्षे ते पोथीत पडून राहिले, आणि काढ्यांच्या प्रघाताने तर ते जवळजवळ बुजले. उंदीर, मोजमाप, पुनःपुन्हा तेच करून पाहणे, यांनी ते बाहेर काढले. आणि पोथी नसती तर? दोन लाख रसायने तपासणाऱ्या अमेरिकनांना ते सापडले नव्हते, हे विसरून चालणार नाही. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा निवडसमितीच्या एका सभासदाने सांगितले की, हा सन्मान पारंपरिक वैद्यकाचा नाही. त्या वैद्यकापासून स्फूर्ती घेऊन ज्यांनी नवे औषध घडविले त्यांचा आहे. मला हे शब्द मोजून वापरलेले वाटतात.

1981 साली पेकिंगमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची परिषद भरली तेव्हा हे औषध प्रथम जगासमोर नीट मांडले गेले. पुढे त्याची आर्टेमेथर, आर्टेसुनेट अशी अपत्ये निघाली. हे औषध रक्तात काही तासच टिकते; म्हणून एकटे दिल्यास ताप उलटतो. त्यासाठी दीर्घकाळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने ते देतात. आपल्या देशातही घातक हिवतापाला आज ही जोडगोळीच देतात. एके काळी वर्षाला तीन कोटी हिवतापाचे रोगी असलेला चीन 2021 साली हिवतापमुक्त ठरला. त्यात औषधाइतकाच मच्छरदाण्यांचा आणि तत्पर नोंदणीचा वाटा आहे, हेही सांगितले पाहिजे.

मात्र परजीवीही स्वस्थ बसलेला नाही. ज्या कंबोडियाच्या सरहद्दीवर क्लोरोक्विन हरले, त्याच भागात 2008 च्या सुमारास आर्टेमिसिनिनला दाद देण्यास उशीर लावणारे परजीवी आढळले, आणि पुढे आफ्रिकेत रुआंडा, युगांडातही. दुसरीकडे आफ्रिकेत काही मंडळी या वनस्पतीचा चहा करून पिण्याचा प्रचार करतात : झाड दारात लावा, कारखान्याची गोळी कशाला? जागतिक आरोग्य संघटनेचा त्याला विरोध आहे. या वनस्पतीतले द्रव्य प्रांत, ऋतू आणि जात यांप्रमाणे फार बदलते. पेकिंगच्या आसपासच्या झुडपात ते अत्यल्प, तर नैर्ऋत्येकडील सच्वान-छुंगछिंग भागात भरपूर. देठात ते नाहीच, पानात असते, आणि तेही फुलण्याच्या आधी. पुरेशी मात्रा पोटात गेली नाही तर रोगी बरा होत नाही आणि परजीवी मात्र औषधाला सरावतो. 68 चे 12 का झाले, याचे एक कारणही हेच होते. आता छुंगछिंगकडे आणि पूर्व आफ्रिकेत तिची शेते आहेत. रानातले तण खुरपून, पाणी देऊन वाढविले जाते.

नावाचा तंटाही मिटला आहे. चीनच्या आजच्या अधिकृत औषधकोशात 'छिंगहाव' या शब्दाखाली पिवळ्या फुलांची ही वर्षायू जातच नोंदलेली आहे.